माणशी सहा घागरी

आमचे घरमालक पाइपांचं ऐकत असत. सकाळी दात घासून झाले की ते हातभर लांबीचा पेचकस घेऊन अंगणात येत, त्याचं टोक भिंतीवरच्या पाइपाला टेकवत, लाकडी मूठ कानाला लावत आणि देवळात उभं राहिल्यासारखे डोळे मिटून घेत. मिनिटभराने डोळे उघडून जाहीर करत, "चार नंबर, तुमची तोटी रडायलीय. वायसर बदला." चार नंबरवाले जाऊन बघत, आणि तोटी खरोखरच थेंब थेंब गळत असे. पाहुण्यांना हा चमत्कार वाटे. मला वाटला नाही, कारण चमत्कारांच्या विरोधात मी बरंच वाचलेलं होतं. पुढे कळलं की पाणीपुरवठ्यातला प्रत्येक जुना माणूस गळती अशीच शोधतो. फरक एवढाच की बाकीचे त्याचा पगार घेतात.

त्यांना सगळे आबा म्हणत. आयुष्यभर ते व्हॉल्व्हमन होते. म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यात वाकून, लोखंडी चावी फिरवून, कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी जाईल ते ठरवणारा माणूस. शहरातले मोठमोठे लोक आपल्याला नावाने ओळखतात, असं ते अभिमानाने नव्हे, तक्रारीच्या सुरात सांगत. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी लातुरात क्लासेसच्या भागात घर बांधलं आणि पाच खोल्या भाड्याने काढल्या.

भूकंपाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. शहरात दोन गोष्टी झपाट्याने वाढत होत्या, क्लासेसची संख्या आणि बोअरची खोली. नांदेड-परभणीकडून पोरं येत, आणि त्यांच्यामागे गॅसची शेगडी घेऊन त्यांच्या आया येत, दोन वर्षांचा संसार मांडायला. गल्लीत दगड भिरकावला तर तो एखाद्या सरांनाच लागावा, अशी परिस्थिती. भिंतीभिंतीवर त्यांचे फोटो. कुणी फिजिक्सचा बादशहा, कुणी केमिस्ट्रीचा जादूगार. मीही सर होतो, पण मराठीचा. मराठीच्या मार्कांवर कुणी डॉक्टर होत नसल्यामुळे माझा फोटो कुठेच नव्हता. त्या फोटोंचा मला तिटकारा होता. त्यांच्या असण्याचा की त्यांत माझा नसण्याचा, हे मी कधी तपासलं नाही.

खोली दाखवताना आबा भाड्याआधी पाणी सांगत.

"तोंडं किती?"

"तीन. मी, बायको आणि आई."

"मंग दिवसाला अठरा घागरी. माणशी सहा. त्या भाड्यात धरल्यात. वर गेलात की दर."

दर चढता होता. वरच्या पहिल्या दहा घागरींना एक भाव, पुढच्या दहांना दुप्पट, त्यापुढे चौपट. भंगारातून आणलेली पाच मीटरं पाच खोल्यांच्या पाइपांवर बसवलेली होती आणि सहावं आबांच्या स्वतःच्या. मीटर लिटर दाखवी, म्हणून शेजारी भिंतीवर लिटर-घागरीचं कोष्टक तेलरंगात लिहून घेतलेलं. "लिटर कुणाला दिसतंय? घागर कमरेला कळती," आबा म्हणत. दरातून जमलेला पैसा ते स्वतः घेत नसत. त्याचा वैशाखात टँकर येई आणि तो सगळ्यांत वाटला जाई.

"एकच दर का नाही लावत?" मी एकदा विचारलं.

"एकच लावला तर पैशेवाला म्हणतो, घ्या दर आन् सोडा नळ. मंग तो दर न्हाई राहिला, ती किंमत झाली. दर असा पायजे की माणसाचा हात तोटीवर थांबला पायजे."

याच निष्कर्षाला यायला काही विद्वानांना चारशे पानं लागल्याचं मला ठाऊक होतं. पण ते मी आबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी चारशे पानं भिजवायला पाणी किती लागेल ते काढलं असतं.

नियमाला अपवाद होते आणि तेही भिंतीवर लिहिलेले होते. बाळंतिणीला माफ. आजाऱ्याला माफ. पाहुणा तीन दिवस पाहुणा, चौथ्या दिवसापासून घरचा. मालकाला दर दुप्पट. हा शेवटचा अपवाद वाचून भाडेकरूंना आबांच्या डोक्याबद्दल शंका येई.

एकदा आमच्या भागातले नगरसेवक कुठल्याशा उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला आले. साहेब आत चहा पीत होते तेवढ्यात त्यांच्या ड्रायव्हरने आबांच्या नळाला नळी लावून जीप धुऊन काढली. साहेब निघाले तेव्हा आबांनी त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली. 'जीप एक, घागरी अकरा.'

"हे काय, आबा?" साहेब हसले. "आम्ही तर तुमचेच."

"माझे म्हणून तर दुप्पट लावली."

साहेबांनी नोट काढून दिली, तीही सगळ्यांना दिसेल अशी. आबांनी सुटे परत केले आणि पावती लिहून दिली. कार्यक्रमाला मात्र ते गेले नाहीत. म्हणाले, तिथं फुलांवर शिंपडायला टँकर मागवलाय, मला बघवायचं न्हाई.

हे सगळं मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असे. पेचकस, कोष्टक, मालकाला दुप्पट. लोक पोट धरून हसत. चांगला श्रोता मिळाला की मी आबांना बोबडेही करत असे, आणि ते बोबडे नव्हते.

ही योजना डोक्यात कुठून आली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. भूकंपानंतर त्यांना टँकरबरोबर तिकडच्या गावांत पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी पत्र्याच्या शेडपुढे रांग लागली. आबांनी न्याय केला, प्रत्येकाला एक भांडं भरून. कुणाच्या हातात हंडा होता, कुणाच्या बादली. एका म्हातारीजवळ तांब्या होता. तिलाही त्यांनी भांडं भरून दिलं आणि पुढचा घ्या म्हणाले.

"चार दिवस तसंच वाटलं मी," आबा म्हणाले. "पाचव्या दिवशी डोक्यात उजेड पडला. ज्याचं घर थोडंच पडलं, त्याचं भांडं मोठं. जिचं सगळंच गेलं, तिच्याजवळ तांब्या. आन् मी म्हणालो, सगळ्यांला सारखं. भांड्यावर मोजायचं नसतंय, सर. तोंडावर मोजायचं."

हा प्रसंग मी स्टाफरूममध्ये सांगितला नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

नगरपालिकेचं पाणी चौथ्या दिवशी येई, सकाळी साडेपाचला. ते आधी अंगणातल्या हौदात पडे आणि मग मोटारीने मीटरांमधून खोल्यांत जाई. पिण्याचं पाणी मात्र हौदाच्या आधी, त्याच पाइपावर असलेल्या फाटकाजवळच्या नळावरून थेट भरायचं. त्या नळाला मीटर नव्हतं. "तहानेला दर लावायचा नसतो," असं आबांचं मत होतं. तिथे खिळ्याला एक वही टांगलेली असे. ज्याने त्याने आपण भरलेल्या घागरी आपल्या हाताने लिहायच्या. नळाभोवतीच्या कुलूपबंद कोंडाळ्याची किल्ली आणि ती वही आबांनी माझ्याकडे सोपवली होती. कारण माझी खोली फाटकाला लागून होती, आणि मी सर होतो. "वाचणारा माणूस हाय. खोटं लिहिणार न्हाई," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. वाचनाबद्दल असा गैरसमज न वाचणाऱ्या लोकांत फार असतो.

माझी आई जुन्या वळणाची होती. नवं पाणी आलं की घरातलं जुनं पाणी शिळं, ही तिची श्रद्धा. ही श्रद्धा तिची एकटीची नव्हती. आमच्याकडे घरोघर नळ आला की आदल्या खेपेचं पाणी ओतून देतात आणि भांडी घासून ताजं भरतात. आबा या प्रकाराने कासावीस होत. "धरणात सहा महिने पडून व्हतं तवा शिळं झालं न्हाई, आन् तुमच्या रांजणात चार दिवसांत झालं?" पण आईला धरण दिसत नव्हतं, रांजण दिसत होता.

किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मी सगळ्यांच्या आधी कोंडाळं उघडी. आई मागच्या मोरीत रांजण, टाकी, कळशा ओतून टाके आणि मी पुढच्या नळाला रबरी नळी लावून त्या सगळ्या भरून घेई. वीस घागरी तरी होत. मग मी वहीत लिही, '४'. पहिल्यांदा लिहिताना हात थोडा थांबला. दुसऱ्यांदा थांबला नाही. आईशी वाद घालण्यापेक्षा आकडा लिहिणं सोपं होतं, आणि माझ्या कपाटात समतेवरची पुस्तकं दोन फळ्या भरून होती, त्यामुळे मी प्रामाणिक असल्याबद्दल मलाही शंका नव्हती.

पाच नंबरमध्ये एक नर्सबाई राहत. मूळच्या किनवट तालुक्यातल्या, इस्लापूरकडच्या. नवरा नव्हता. मुलगी बारावीला, तिच्या क्लासेससाठी बदली करून घेऊन आल्या होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, माझी आई 'ती दवाखान्यातली' म्हणे. त्यांच्या दारावर आतल्या बाजूला बुद्धाची तसबीर होती. आदल्या खेपेला नळावर शेवटचा नंबर त्यांचा असला, तर आई मला तोटी विसळून मग नळी लावायला सांगे. मी विसळत असे. आईचं मन मोडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे.

सिस्टरांना आबांनी आपण होऊन एक माफी दिली होती. वॉर्डातून आल्यावरची दुसरी आंघोळ मोजायची नाही. "रोग्यांचं करून येती बाई. ती आंघोळ तिची न्हाई, दवाखान्याची हाय." हेही भिंतीवर लिहिलं गेलं, आणि तिथून कुजबुज सुरू झाली.

त्या वर्षी पौषातच पाणी आटलं. नळ तेवढाच वेळ येई, पण धार बारीक झाली, आधी लपून जाणारी तूट आता उघडी पडली आणि हौद भरेना. आबांनी काठीने खोली मोजली, वही तपासली, मीटरं तपासली. दर पाण्याला सोळा घागरी कुठेतरी जात होत्या. ते तीन दिवस पेचकस लावून सगळ्या पाइपांचं ऐकत फिरले. गळती कुठेच ऐकू येईना. मग रविवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं.

दोन नंबरमध्ये मुरुडच्या एक काकू होत्या, मुलाच्या बारावीसाठी आलेल्या. त्यांनी वेळ दवडला नाही. "डबल आंघोळ कुणाची हाय, ते सगळ्यांला म्हाईत हाय."

"दोन आंघोळींच्या सोळा घागरी व्हत न्हाईत," आबा म्हणाले. "बाई काय म्हैस धुती काय?" मग माझ्याकडे वळले. "सर, वही तुमच्याजवळ. वहीत खोट हाय का?"

"वहीत नाही," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तर ते नुसतं खोटं बोलणं झालं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बघणारे समोर असले की मला गप्प बसवत नाही. मी बोललो. चांगलं बोललो. नियम सगळ्यांना सारखा हवा, म्हणालो. एकाला सवलत दिली की तिचा भार बाकीच्यांवर पडतो, म्हणालो. आज एक सवलत, उद्या दुसरी, मग ती हक्क होऊन बसते, म्हणालो. मी कुणाचंही नाव घेतलं नाही. नाव न घेता बोलण्याचं शिक्षण आमच्याकडे घरातच मिळतं. आणि 'सवलत' हा शब्द मी ज्या सुरात उच्चारला, तो सूर गच्चीवरच्या प्रत्येकाला ओळखीचा होता. सिस्टरांना तर सगळ्यात जास्त.

त्यानंतर आबांचं गणित कुणी ऐकलं नाही. त्यांनी आणखी एकदा "सोळा व्हत न्हाईत" म्हणून बघितलं. मुरुडच्या काकू म्हणाल्या, "आबा, सर एवढं समजावून सांगायलेत, आता बास करा."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "मीच एक आंघोळ करून राहिली तर भागते ना? उद्यापासून एकच. मोजून घ्या." आणि खाली गेल्या. त्यांची मुलगी खोलीत मोठ्याने पाठ करत होती, ते वर ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

परीक्षेला दीड महिना होता. काकूंच्या मुलाने सिस्टरांच्या मुलीबरोबर अभ्यासाला बसणं बंद केलं. दारावरून जाताना लोक "झाली का आंघोळ?" असं हसत विचारू लागले. खोली रिकामी करून घ्या, असं दोघांनी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "पुरावा आणा." पण सिस्टरांनीच दुसरी खोली बघितली, गावाच्या पार टोकाला, क्लासपासून चार किलोमीटरवर. ऐन परीक्षेच्या तोंडावर.

त्या निघाल्या त्या सकाळी ट्रंक ऑटोत चढवायला मी हात लावला. आपल्या सभ्यपणावर माझा तेव्हाही विश्वास होता. ट्रंक ठेवून झाल्यावर त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "सर, आईंना सांगा. त्या मागच्या मोरीत पाणी ओततात ना, ते माझ्या दारावरून जात होतं. मी त्यातच पायरी धुऊन घेत होती. वाया नाही गेलं."

आवाजात राग नव्हता. ऑटो गेला.

मला त्याच दिवशी आबांकडे जाता आलं असतं. त्याऐवजी मी घाबरलो आणि पुढच्या पाण्याला आईला जुनं पाणी ओतू दिलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आणि हौद काठोकाठ भरला. सिस्टर गेल्या आणि तूट भरून आली! अंगणात सगळ्यांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. माझ्या भित्रेपणाने त्या बाईविरुद्धचा पुरावा पुरा करून दिला.

आबांनी काठी हौदात घालून बघितली, पुन्हा घालून बघितली. महिनाभराने त्यांनी पाना घेऊन सहाही मीटरं स्वतःच्या हाताने उतरवली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. भिंतीवरच्या कोष्टकावर चुना फासला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हिशोब जुळला आन् माणूस गेलं. असला हिशोब ठिवून काय करायचा?" त्या उन्हाळ्यात टँकर आला नाही. पुढे ज्याची मोटार मोठी त्याला पाणी जास्त, असा सगळीकडे असतो तो नियम आमच्याही घरात लागू झाला, आणि तो कुणी भिंतीवर लिहिला नाही.

आम्ही नंतर आमचं घर बांधलं. आई गेली. लातूरला रेल्वेने पाणी आणायची वेळ आली त्या उन्हाळ्यात एक दिवस मी आबांकडे गेलो. का तेव्हाच, सांगता येणार नाही. घागरींच्या रांगांचे फोटो सगळ्या पेपरांत येत होते, आणि मी त्याच्यावर एक चुरचुरीत लेख लिहायला बसलो होतो. तो पुढे सरकेना.

आबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. फार वाळले होते. मी सगळं सांगितलं. रांजण, नळी, वहीतला चार, गच्चीवरचं बोलणं.

"भरायचा किती?" त्यांनी विचारलं.

"वीस."

"आन् लिहायचा चार. सोळा." त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर मला सुटकेसारखं काहीतरी दिसलं. "मी म्हणालो व्हतो. दोन आंघोळींच्या सोळा व्हत न्हाईत."

मला त्या क्षणी हलकं वाटलं. मूर्खासारखं मी म्हणालो, "मग आबा, आता याला काय दर लावता, बोला."

ते हसले नाहीत. "बाईला सांगितलं का?"

"त्यांना ठाऊकच होतं. जाताना तसं बोलल्या त्या."

"तिला ठाऊक असणं येगळं, सर. तुमी तिला सांगणं येगळं."

"नाही. तसं सांगितलं नाही."

"मंग मला कशाला सांगायलाव?"

त्यांनी नातीला हाक मारून कपाटातून एक डायरी आणवली आणि एक पत्ता मला कागदावर उतरून घ्यायला लावला. सिस्टर निवृत्त होऊन नांदेडला राहत होत्या. दिवाळीला आबांचं त्यांना पत्र जात असे, हे मला त्या दिवशी कळलं. घर स्टेशनापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, असंही आबांनी सांगितलं. मुलीचं काय झालं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आबा पुढच्या वर्षी गेले. पत्त्याचा कागद माझ्याजवळ आहे. लातूरहून नांदेडला दर तासाला एसटी आहे.